घरचा इटालियन टोमॅटो सॉस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सॉस मी गेली काही वर्षं लोकांना शिकवते आहे. कृती दहा ओळींत संपते, प्रश्न मात्र संपत नाहीत. तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून ते एका जागी मांडले आहेत. सोप्यापासून किचकटाकडे असा क्रम आहे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टोमॅटो सॉस म्हणजे बाटलीतलं केचप ना? मग घरी करायचं कशाला?

नाही. आपल्याकडे समोशाबरोबर येतो त्या गोड-आंबट लाल पदार्थालाही ‘सॉस’च म्हणतात, सगळा घोळ तिथून सुरू होतो. केचपमध्ये साखर आणि व्हिनेगर भरपूर असतं, आणि ते तोंडीलावणं आहे. इटलीतला टोमॅटो सॉस हा जेवणाचा भाग आहे. आपल्या आमटीसारखा तो शिजवायचा आणि पास्त्याला माखायचा. त्यात व्हिनेगर नसतं, आणि साखर असलीच तर चिमूटभर (प्रश्न १३).

इटलीत याला ‘सूगो’ किंवा ‘साल्सा’ म्हणतात. १८९१ साली पेल्लेग्रिनो आर्तुझी यांनी पदरचे पैसे घालून आपल्या पाककृती छापल्या. त्यात त्यांनी दोन्हींत फरक केला आहे: सूगो म्हणजे नुसते टोमॅटो शिजवून गाळलेले, साल्सा म्हणजे त्यात कांदा, लसूण, सेलरी वगैरे घातलेलं. हे सांगताना ते एका पाद्रीबुवांचा किस्साही सांगतात. हे गृहस्थ गावातल्या प्रत्येक घरात, प्रत्येक भानगडीत नाक खुपसायचे, म्हणून लोकांनी त्यांचं नाव ‘डॉन पोमोदोरो’, म्हणजे टोमॅटोबुवा, ठेवलं होतं. टोमॅटोसुद्धा असाच जिथे तिथे असतो! आज इटलीत घरोघर हे शब्द काटेकोरपणे वापरत नाहीत, आपणही नको.

आणि हो, टोमॅटो मुळात इटलीचा नाही. आपल्यासारखाच त्यांनाही तो अमेरिका खंडातून मिळाला. नेपल्समध्ये १६९० च्या दशकात टोमॅटो सॉसची जी कृती छापली गेली, तिच्या नावातच ‘स्पॅनिश पद्धतीचा’ असं म्हटलं होतं.

२. पाल्हाळ नको, आधी कृती आणि प्रमाण सांगा.

चार जणांसाठी: पिकलेले लांबट टोमॅटो १ किलो, ऑलिव्ह तेल ४ मोठे चमचे, लसणाच्या २ पाकळ्या, मीठ १ छोटा चमचा, बेसिलची ७-८ पानं.

टोमॅटो धुवून चार फोडी करा. पाणी न घालता पातेल्यात झाकण ठेवून दहा मिनिटं मऊ होऊ द्या. पुरणयंत्रातून काढा (प्रश्न ४). पसरट भांड्यात तेल आणि ठेचलेला लसूण एकदमच घालून मंद आचेवर ठेवा. लसूण फिकट सोनेरी झाला की काढून टाका, किंवा आवडत असेल तर राहू द्या. त्यात टोमॅटोचा गर आणि मीठ घालून, झाकण न ठेवता वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. आच बंद केल्यावर बेसिल हाताने तोडून घाला.

झालं. हळद नाही, धणेपूड नाही, मोहरी नाही. आपला हात सवयीने मसाल्याच्या डब्याकडे जातो, तो आवरणं हीच यातली खरी अवघड पायरी.

३. कोणते टोमॅटो घ्यायचे? मंडईत तर दोनच प्रकार दिसतात.

ते दोन प्रकार नीट ओळखले तरी पुरे. एक गावरान: चपटा, रेघा पडलेला, पातळ सालीचा, रसाळ आणि आंबट. सार आणि कोशिंबिरीला हा उत्तम. दुसरा हायब्रिड: अंड्याच्या आकाराचा, जाड सालीचा, आत गर जास्त आणि पाणी कमी. सॉससाठी हा दुसरा घ्या. गावरान टोमॅटोचा सॉस होतो, पण आटवायला दुप्पट वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात आंबटपणाही घट्ट होत जातो. मी तीन भाग लांबट आणि एक भाग गावरान घेते, कारण नुसत्या हायब्रिडचा सॉस कधी कधी सपक लागतो.

अडचण पिकण्याची आहे. हे टोमॅटो लांबच्या प्रवासासाठी अर्धवट रंग आल्यावरच तोडतात. विकत आणले त्याच दिवशी सॉस करू नका. परडीत एकेरी थरात, देठाची बाजू खाली करून दोन ते चार दिवस ठेवा. फ्रीजमध्ये अजिबात नको, थंडीत टोमॅटोचा वास मरतो. दाबल्यावर किंचित दबला आणि जवळ नेल्यावर वास आला, की तयार.

इटलीत या कामासाठी नाव घेतलं जातं ते सान मार्झानो जातीचं. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरात, सार्नो नदीच्या खोऱ्यात ती पिकते. टोमॅटो लांब, निमुळता, आत दोनच कप्पे, बिया थोड्या. तिथल्या मालाला १९९६ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे, आपल्या हापूसला जीआय आहे तसं. तो ताजा आपल्याकडे मिळत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंत हे टोमॅटोचे मोठे बाजार आपल्या शेजारी आहेत. भाव पडतो तेव्हा वीस किलोचं क्रेट घ्या आणि दोन शेजारणींत वाटून घ्या. २०२३ च्या जुलैसारखा शंभरी ओलांडलेला भाव असेल, तर सॉसचा हट्ट सोडा आणि पिठलं करा.

४. साल आणि बिया काढायलाच हव्यात का? सरळ मिक्सरमधून काढलं तर?

साल काढाच. ती शिजत नाही, तिच्या गुंडाळ्या होऊन दाताखाली येतात. बियांबद्दल इटलीतही मतभेद आहेत. बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात चव भरपूर असते, त्यामुळे तो फेकू नये या मताची मी आहे.

मिक्सरने दोन गोष्टी बिघडतात. पाती बिया चिरडतात आणि त्यांचा कडवटपणा उतरतो. शिवाय गरात हवा घुसळली जाते, त्यामुळे लाल रंग जाऊन गुलाबी-केशरी फेस येतो. माझा पहिला सॉस असाच झाला होता, दिसायला थेट टोमॅटो सूपच्या पाकिटासारखा.

यावरचं उत्तर आपल्या माळ्यावर पडून आहे: पुरणयंत्र. इटालियन घरांत ‘पास्साव्हेर्दुरे’ नावाचं यंत्र असतं. खाली भोकांची चकती, वर फिरणारी पाती आणि हाताने फिरवायचा दांडा, म्हणजे आपलं पुरणयंत्रच! बारीक भोकांची चकती लावा, मऊ झालेले टोमॅटो थोडे थोडे घाला. मध्येच दांडा उलटा फिरवला की तळाला चिकटलेली सालं सुटतात. उरलेला चोथा दुसऱ्यांदा फिरवा. सालीलगतचा गर सगळ्यात घट्ट आणि लाल असतो, तो या दुसऱ्या फेरीत मिळतो.

पुरणयंत्र नसेल तर टोमॅटो आडवे अर्धे कापून, कापलेली बाजू किसणीवर घासा. साल हातात राहते, गर ताटात पडतो. चार टोमॅटोंना हे ठीक, दोन किलोंना नाही. तिसरा मार्ग म्हणजे टोमॅटोच्या बुडाला फुलीसारखा छेद देऊन उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच गार पाण्यात, आणि साल सोलून हाताने कुस्करणं. यात सॉस थोडा खडबडीत राहतो. मला तोच जास्त आवडतो, पण मुलांना नाही.

५. डब्यातले टोमॅटो वापरले तर ते फसवणं होईल का? आणि पाकिटातली प्युरी?

डब्यातले टोमॅटो ही इटालियन घरातलीही रोजची गोष्ट आहे. ताजे चांगले टोमॅटो तिथेही उन्हाळ्यातच मिळतात, बाकी वर्षभर डबे आणि बाटल्या. नावं लक्षात ठेवा: ‘पेलाती’ म्हणजे सोललेले अख्खे, ‘पोल्पा’ म्हणजे बारीक तुकडे, ‘पास्साता’ म्हणजे कच्चा गाळलेला गर, ‘कोन्चेन्त्रातो’ म्हणजे आटवून केलेला घट्ट गोळा. अख्खे पेलाती घेऊन हाताने कुस्करणं सगळ्यात चांगलं. चौकोनी तुकड्यांच्या डब्यांत बऱ्याचदा कॅल्शियम क्लोराइड असतं. त्यामुळे तुकडे घट्ट राहतात आणि तासभर शिजवले तरी विरघळत नाहीत. लेबल वाचा.

आपल्याकडच्या पाकिटातल्या प्युरीचा रोख पंजाबी ग्रेव्हीकडे असतो. ती बरीच आटवलेली आणि आंबट असते. अगदीच वेळ नसेल तर एका वाटीला पाऊण वाटी पाणी घालून शिजवा, पण या सॉसची चव तिला येत नाही.

६. कांदा घालायचा की लसूण? दोन्ही घातलं तर काय बिघडेल?

काही बिघडत नाही, पण साध्या सॉसमध्ये सहसा एकच घेतात. लसणाचा सॉस झणझणीत वासाचा आणि झटपट. कांद्याचा गोडसर आणि सावकाश. आपण कांदा लाल करतो तसा इथे करायचा नाही. तो मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंतच परतायचा, रंग आला की सॉस आपल्या रश्श्याच्या वळणाला जातो.

इटलीत जन्मून अमेरिकेत शिकवणाऱ्या मार्चेला हझान यांची पद्धत यातली सगळ्यात सोपी. टोमॅटो, पाच मोठे चमचे लोणी, सोलून दोन तुकडे केलेला कांदा आणि मीठ हे सगळं एकदम पातेल्यात घालून पाऊण तास मंद आचेवर ठेवायचं आणि शेवटी कांदा काढून टाकायचा. चिरणं नाही, परतणं नाही. घरचं पांढरं लोणी असेल तर मजाच. तूप मात्र नको, त्याचा वास टोमॅटोला दाबून टाकतो.

तस्कनीत कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून तेलात मऊ करतात आणि त्यात टोमॅटो घालतात. तो ‘सूगो फिन्तो’, म्हणजे खोटा सॉस. मांस नसूनही मांसाच्या सॉसचा आव आणतो म्हणून खोटा.

७. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. मग?

मग दोन्ही वगळा. टोमॅटो, तेल, बेसिल, मीठ एवढ्यावर केलेला सॉस इटलीतही अस्सलच मानतात, ती काही तडजोड नाही. त्याऐवजी हिंग घालू का, असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. घालू नका. फक्त तेल एक चमचा वाढवा आणि बेसिलची एक काडी शिजतानाच टाका.

८. ऑलिव्ह तेलच हवं का? शेंगदाण्याचं चालेल?

दक्षिण इटलीचा सॉस ऑलिव्ह तेलाचाच. तेल इथे परतण्यापुरतं नसतं, त्याची चव शेवटपर्यंत लागते, म्हणून एक्स्ट्रा व्हर्जिन घ्यावं. दुकानात स्वस्तात ‘पोमेस’ लिहिलेलं मिळतं, ते चोथ्यातून रसायनाने काढून शुद्ध केलेलं असतं आणि त्याला फारशी चव नसते. घाण्याचं शेंगदाणा तेल स्वतःचाच वास पुढे करतं. पर्यायच नसेल तर सूर्यफुलाचं रिफाइंड वापरून शेवटी चमचाभर लोणी घाला.

९. बेसिल मिळत नाही. अंगणातली तुळस घातली तर?

दोन्ही एकाच कुळातल्या, पण वेगळ्या. तुळशीत लवंगेसारखा उग्र वास असतो, सॉसला ती काढ्याची चव देते. शिवाय वृंदावनातली पानं पास्त्यासाठी खुडायला आजी देणार नाहीत, तो प्रश्न निराळाच.

गंमत अशी की बेसिल आपल्याला अनोळखी नाही. फालुद्यात घालतो तो सब्जा बेसिलच्याच जातीचं बी. सब्जाच्या झाडाचा वास इटालियन वाणापेक्षा तिखट, जरा औषधी असतो, तरी तुळशीपेक्षा तो कितीतरी जवळचा. दोन-तीन पानंच घाला. खरी हौस असेल तर रोपवाटिकेतून इटालियन बेसिलचं रोप आणा. ऊन हवं, पाणी बेताचं, आणि तुरे आले की लगेच खुडायचे.

कोथिंबीर घालू नका. काहीच नसेल तर काहीच घालू नका. वाळलेलं बेसिल म्हणजे वाळलेलं गवत.

१०. ओरेगॅनो कधी घालायचं? पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या साठल्या आहेत.

या सॉसमध्ये नाही. नेपल्समध्ये ओरेगॅनो मारिनारा पिझ्झावर आणि पिझ्झायोला नावाच्या मांसाच्या पदार्थात जातं, बेसिलच्या सॉसमध्ये ते उपरं ठरतं. त्या पुड्या ब्रेडवर संपवा.

११. नक्की किती वेळ शिजवायचा? कोणी पंधरा मिनिटं सांगतं, कोणी तीन तास.

दोघेही खरं सांगतात, पण वेगवेगळ्या सॉसबद्दल. ताज्या, चांगल्या पिकलेल्या टोमॅटोला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, जास्त झालं की ताजेपणाचा वास उडून जातो. डब्यातल्या टोमॅटोला तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. तीन तासवाला म्हणजे नेपल्सचा रविवारचा रागू, त्यात मांसाचे मोठे तुकडे असतात. आपल्या सॉसला तेवढं उकळलं तर तो काळपट आणि जॅमसारखा होतो.

घड्याळापेक्षा कान आणि डोळे वापरा. रागू कसा शिजावा हे सांगायला नेपल्सच्या बोलीत एक खास क्रियापद आहे, ‘पिप्पियारे’: मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन ‘पिप्’ करून फुटावा एवढीच आच. आपल्याकडे अशा शब्दांची ददात नाही. खळखळ उकळी नको, खदखद नको, रटरटही जरा जास्तच होईल. बुडबुडा वर यायला कंटाळा करतोय असं वाटलं पाहिजे.

झाला हे ओळखायच्या तीन खुणा. कडेला तेल सुटलेलं दिसतं, आणि ही खूण आपल्याला शिकवायची गरज नाही. तळावरून पळी ओढली तर वाट क्षणभर उघडी राहते. आणि ताटलीत चमचाभर सॉस ठेवला तर भोवती पाण्याचं कडं येत नाही. तिसरी सगळ्यात भरवशाची.

१२. कुकरला तीन शिट्ट्या दिल्या तर? आणि भांडं कोणतं?

कुकरमधून वाफ फारशी बाहेर जात नाही, म्हणून सॉस आटत नाही. पहिल्या पायरीला, टोमॅटो मऊ करायला, एक शिट्टी चालेल. पुढचं काम उघड्या, पसरट भांड्यातच. तोंड रुंद असेल तेवढं पाणी लवकर उडतं आणि सॉस ताजा राहतो.

जाड बुडाचं स्टील उत्तम, नॉनस्टिकही चालतं. लोखंडी कढईत टोमॅटो काळवंडतो आणि लोखंडाची चव उतरते. ॲल्युमिनियम आंबटाशी झोंबतं, ते टाळा. आणि पितळेला कल्हई नसेल तर विचारूच नका, ताक कळकतं तसा सॉसही कळकेल. करून झाल्यावर ठेवायलाही काच किंवा स्टील घ्या. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्याला लागलेला लाल रंग जन्मभर जात नाही.

१३. फार आंबट झाला. साखर घालू का?

आधी मीठ पुरेसं आहे का ते चाखा. मीठ कमी असलं की आंबटपणा टोचतो. मग पाच मिनिटं आणखी शिजवा. तरीही आंबट असेल तर साखर चिमटीने घाला, चमच्याने नाही. गूळ नको, त्याची स्वतःची चव असते. साखर नको असेल तर सुरुवातीला गाजराचा मोठा तुकडा टाकून शेवटी काढा, किंवा आच बंद केल्यावर लोण्याचा लहान गोळा विरघळवा.

खायचा सोडाही चालतो, तो आम्लच मारतो. पण किलोभर टोमॅटोला हरभऱ्याच्या डाळीएवढाच. फेस येईल, ढवळा, चाखा. जास्त पडला तर साबणासारखी चव येते आणि ती घालवता येत नाही.

१४. तळाला लागला! आता?

खरवडू नका. आच बंद करा, न ढवळता वरचा सॉस अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि चाखा. करपट वास उतरलेला नसेल तर वाचलात. उतरला असेल तर कशानेही जात नाही, नव्याने करा. लागतो तो बहुतेक वेळा शेवटच्या दहा मिनिटांत, गर घट्ट झाल्यावर. तेव्हा जवळच थांबा.

१५. तिखट हवा असेल तर लाल तिखट केव्हा घालायचं?

लाल तिखट नाही, ते तेलात जळतं आणि सॉसला आपल्या रश्श्याचा रंग-वास येतो. अख्खी सुकी मिरची मोडून लसणाबरोबर तेलात टाका. असाच सॉस रोमकडे ‘आर्राब्याता’, म्हणजे ‘चिडलेला’, या नावाने पेन्ने पास्त्याबरोबर खातात, वरून पार्सली. रंग हवा तर ब्याडगी, ठसका हवा तर लवंगी मिरची. लवंगी एकच.

१६. पास्ता वाढून वर सॉस ओतला, पण तळाला पाणी साचलं आणि पास्ता फिकाच राहिला.

कारण तो वर ओतला. पास्ता आणि सॉस यांची गाठ कढईत पडायला हवी. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि साधारण १० ग्रॅम मीठ हा तिथला हिशेब. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता निथळा, पण त्यातलं वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवा. पास्ता गरम सॉसमध्ये घाला, डावभर पाणी घाला आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटं हलवत राहा. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि टोमॅटो एकजीव होऊन पास्त्याला धरतात. निथळलेला पास्ता नळाखाली धुतला, किंवा त्याला तेल चोळलं, तर सॉस त्यावरून घसरणारच.

वरच्या प्रमाणातला सॉस साधारण ३५० ग्रॅम कोरड्या पास्त्याला पुरतो. आपल्याला कालवून खायची सवय म्हणून सॉस दुप्पट घ्यावासा वाटतो. एकदा कमी घेऊन बघा.

१७. आम्ही शाकाहारी आहोत. वरून किसतात ते चीज चालतं ना?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, विचारायला हवा. अस्सल पार्मिज्यानो रेज्यानो वासराच्या जठरातल्या रेनेटने दूध नासवून करतात, तिथल्या नियमानुसार ते तसंच करावं लागतं. ग्राना पादानोही तसंच, आणि पेकोरिनो रोमानोला कोकराचं रेनेट. भारतात बनलेल्या, हिरवा ठिपका असलेल्या पार्मेझान धर्तीच्या चीजमध्ये प्राणिज रेनेट नसतं. ते घ्या, किंवा चीजच नको. तव्यावर तेलात कुरकुरीत केलेला पावाचा चुरा दक्षिण इटलीत चीजऐवजी भुरभुरतात, तो शंभर टक्के शाकाहारी आहे आणि मला तर जास्तच आवडतो.

१८. हाच सॉस पिझ्झाला लावू का?

लावता येतो, पण नेपल्समध्ये पिझ्झावर शिजवलेला सॉस लावत नाहीत. सोललेले टोमॅटो हाताने कुस्करून मीठ घातलं की झालं, भट्टीत तो शिजतोच. घरच्या ओव्हनला वेळ जास्त लागतो, म्हणून तिथे तर कच्चाच बरा. शिजवलेला सॉस पुन्हा भाजून कोरडा पडतो.

१९. किती दिवस टिकतो?

फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, फ्रीझरमध्ये तीन महिने. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून खडे पिशवीत भरले, तर एका माणसापुरता सॉसही काढता येतो. फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर बेसिल नंतर घाला.

२०. इटालियन लोक वर्षभराच्या बाटल्या भरतात तशा मी भरू का? लोणच्यासारखा वर तेलाचा थर दिला की टिकेल ना?

हे उत्तर नीट वाचा. तेलाचा थर देऊन बाहेर ठेवणं धोकादायक आहे.

दक्षिण इटलीत ऑगस्टच्या आसपास सगळं कुटुंब जमून वर्षाचा पास्साता करतं. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवणाला जमतात तसंच: कोणी टोमॅटो धुतंय, कोणी यंत्र फिरवतंय, पोरं बाटल्या पुसताहेत. मग बाटल्या चिंध्यांत गुंडाळून मोठ्या पिंपात पाण्याखाली उकळतात आणि त्याच पाण्यात निवू देतात. म्हणजे त्या टिकतात उकळण्यामुळे आणि हवाबंद झाकणामुळे, तेलामुळे नाही.

लोणचं टिकतं ते भरपूर मीठ आणि आंबटपणामुळे. सॉसमध्ये मीठ थोडंच असतं आणि टोमॅटोचा आंबटपणा काठावरचा असतो. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर गेला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू हवा नसलेल्या जागी वाढू शकतात, आणि तेलाचा थर नेमकी तीच जागा तयार करतो. या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. पिकलेल्या टोमॅटोचा पीएच अनेकदा ४.६ च्या आसपासच असतो.

तरीही भरायच्याच असतील तर नुसता टोमॅटोचा गर भरा. तेल, कांदा, लसूण काही नको. अर्ध्या लिटरला बाटलीबंद लिंबाचा रस १ मोठा चमचा किंवा सायट्रिक ॲसिड पाव छोटा चमचा घाला. घरच्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो, म्हणून बाटलीतला. झाकणं नवी, हवाबंद होणारी हवीत. बाटल्या पाण्यात पूर्ण बुडवून, उकळी फुटल्यापासून मुंबईला ३५ मिनिटं आणि पुण्याला ४० मिनिटं उकळा. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून पाच मिनिटं जास्त, आणि महाबळेश्वरला ४५. फुगलेलं किंवा सैल झाकण दिसलं तर न चाखता टाकून द्या.

मी स्वतः फ्रीझर वापरते.

२१. आम्ही परदेशात आहोत, इथे हिवाळ्यात टोमॅटो पांढरट आणि बेचव. काय करू?

सरळ डबा उघडा (प्रश्न ५). युरोपातला नेहमीचा डबा ४०० ग्रॅमचा, दोन डबे म्हणजे चार जणांचा सॉस. अमेरिकेतला मोठा २८ औंसांचा, तो एक पुरतो. अमेरिकेत ‘सान मार्झानो’ लिहिलेला प्रत्येक डबा तिथलाच असतो असं नाही, संरक्षित नावाची डीओपी मोहोर बघा. ताजेच हवे असतील तर छोटे चेरी टोमॅटो त्यातल्या त्यात गोड असतात. ते अख्खेच तेलात टाकून झाकण ठेवा, दहा मिनिटांत फुटतील, साल तेवढी सहन करा.

२२. चाळीस माणसांसाठी करायचा आहे. सगळं दहापट घेऊ?

टोमॅटो दहापट, बाकी नाही. लसूण आणि तेल सहा-सात पट पुरतं. मीठ शेवटी चाखत घाला, कारण किती आटेल त्यावर खारटपणा ठरतो. आणि एका मोठ्या गंजात करू नका: खोल भांड्यात पाणी उडायला दीड-दोन तास लागतात आणि तळ लागतो. दोन-तीन पसरट भांडी लावा. मऊ केलेले टोमॅटो चाळणीत दहा मिनिटं निथळून घेतले तर वेळ आणखी वाचतो. ते पाणी फेकू नका, दुसऱ्या दिवशी सार करा.

२३. सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं, ताई. पण सासरे म्हणाले, ‘मिळमिळीत आहे.’ थोडा गरम मसाला टाकला तर चालेल का?

टाकलात तर तो चांगला लागेलही, पण मग ती टोमॅटोची भाजी झाली. आधी मीठ वाढवून बघा, मिळमिळीत लागण्याचं कारण दहांत आठ वेळा तेच असतं. मग प्रश्न १५ मधली मिरची. त्यानेही भागलं नाही, तर पास्त्याच्या ताटात डाव्या बाजूला त्यांना ठेचा वाढा. आमच्याकडे तसाच वाढतात.